अंकगणितीय क्रियाचिन्हे, संगणकीय भाषांतील

संगणकाला द्यावयाच्या आज्ञावलीत बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, घातक्रिया व बाकी काढणे या क्रिया दर्शविण्यासाठी जी चिन्हे योजतात त्यांना अंकगणितीय क्रियाचिन्हे किंवा कारक असे म्हणतात. ज्या संख्यांवर वा चलांवर क्रिया करावयाची त्यांना राशी, आणि राशी व चिन्हे मिळून होणाऱ्या रचनेला पदावली म्हणतात. ही चिन्हे बहुतांशी शालेय गणितातून घेतलेली असल्याने त्यांचा अर्थही तेथल्याप्रमाणेच असावा असा समज सहज होतो. वस्तुतः संगणकीय भाषेतील प्रत्येक क्रियाचिन्ह हा ती भाषा घडविणाऱ्यांनी ठरविलेला एक करार असतो. ७ ला २ ने भागले असता उत्तर ३·५ की ३, गुणाकार आधी की डावीकडची क्रिया आधी, बेरीज यंत्राच्या मर्यादेबाहेर गेली तर काय करावयाचे, या प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या भाषांनी निरनिराळी दिली आहेत. त्यांपैकी कित्येक उत्तरे गणिताच्या विचारापेक्षा टंकयंत्राच्या कळा, छिद्रपत्रे व तत्कालीन यंत्रांची घडण यांवरून ठरली आहेत.

चिन्हांचा पूर्वेतिहास : गणितातील क्रियाचिन्हेही फार जुनी नाहीत. भास्कराचार्यांच्या लीलावतीत बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग, वर्गमूळ, घन व घनमूळ अशी आठ परिकर्मे सांगितली आहेत. परंतु ती शब्दांनी सांगितलेली आहेत, चिन्हांनी नव्हेत. बीजगणितात ऋण संख्येवर टिंब देण्याचा आणि अव्यक्तांसाठी ‘या’, ‘का’ अशी आद्याक्षरे वापरण्याचा प्रघात होता. पेशावरजवळ १८८१ मध्ये सापडलेल्या बख्शाली हस्तलिखितात आजच्या अधिक चिन्हासारखी फुली संख्येनंतर काढलेली आढळते, पण ती ऋणत्व दाखविते. एकाच आकृतीला दोन ठिकाणी विरुद्ध अर्थ असणे ही गोष्ट या विषयाला अपरिचित नाही. यूरोपात + व − ही चिन्हे योहानेस विडमान यांच्या लाइपसिक येथे १४८९ मध्ये छापलेल्या व्यापारी गणितात आली. बरोबरीचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये, × हे चिन्ह विल्यम ऑट्रेड यांनी १६३१ मध्ये आणि ÷ हे योहान रान यांनी १६५९ मध्ये वापरले. × हे चिन्ह बीजगणितातील अव्यक्तदर्शक रोमन अक्षर एक्स याच्याशी घोटाळा करते, म्हणून लायप्निट्स यांना ते पसंत नव्हते व ते गुणाकारासाठी टिंब वापरीत. अडीचशे वर्षांनी हीच अडचण छिद्रपत्रांवर पुन्हा उभी राहिली.

सूत्रापासून यंत्रापर्यंत : पहिल्या संगणकांना चिन्हे ठाऊकच नव्हती. ‘अ + ब × क’ एवढे साधे गणित करावयाचे तरी ब हा अंक अमुक स्मृतिस्थानातून उचला, त्याला क ने गुणा, अ मिळवा व उत्तर अमुक ठिकाणी ठेवा, अशा चार आज्ञा सांकेतिक अंकांत लिहाव्या लागत. सूत्र जसेच्या तसे लिहावे आणि त्याचे तुकडे यंत्रानेच पाडावेत, ही कल्पना जर्मन अभियंते कोनराट त्सूझ यांनी १९४५ च्या सुमारास आखलेल्या ‘प्लानकाल्क्यूल’ या भाषेत दिसते. युद्धोत्तर परिस्थितीमुळे ही भाषा त्या काळी कोणत्याही यंत्रावर चालली नाही व तिचा संपूर्ण आराखडा १९७२ मध्येच प्रसिद्ध झाला. अमेरिकेत जॉन मॉक्ली यांनी १९४९ मध्ये सुचविलेल्या ‘शॉर्ट कोड’ या पद्धतीत सूत्रातील प्रत्येक चिन्हाला दोन अंकी संकेत होता : अधिकाला ०७, उण्याला ०१, बरोबरीला ०३ व भागाकाराला ०४. गुणाकाराला संकेतच नव्हता. बीजगणितातल्याप्रमाणे दोन राशी शेजारी लिहिल्या की त्यांचा गुणाकार समजला जाई. सूत्रातील संकेत यंत्र एकेक करून वाचून अर्थ लावीत असल्याने हे काम यंत्रभाषेच्या सुमारे पन्नासपट मंद चाले. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील ‘व्हर्लविंड’ संगणकासाठी लॅनिंग व झीर्लर यांनी तयार केलेली आणि १९५४ मध्ये वापरात असलेली पद्धती बैजिक सूत्रे खऱ्या अर्थाने स्वीकारणारी पहिली म्हणून गणली जाते.

या प्रयत्नांना सार्वत्रिक रूप आले ते आयबीएम कंपनीच्या फोर्ट्रान भाषेमुळे. ‘सूत्रांचे भाषांतर’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून हे नाव बनले आहे. जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ च्या नोव्हेंबरात तिचा आराखडा मांडला आणि १९५७ च्या एप्रिलमध्ये ७०४ या यंत्रासाठी तिचा कंपायलर, म्हणजे अनुवादक, ग्राहकांच्या हाती आला. त्या काळी मजकूर पत्त्यांवर छिद्रे पाडून यंत्राला दिला जाई व छिद्रणयंत्रावर अक्षरे, अंक व चिन्हे मिळून केवळ ४८ वर्ण असत. त्यांत × नव्हते, घातांक वर उचलून लिहिण्याची सोय नव्हती आणि आडव्या रेषेखाली छेद लिहिणे तर अशक्यच होते. गुणाकारासाठी तारका (*) घेण्यात आली, भागाकारासाठी तिरकी रेघ (/) आणि घातासाठी दोन तारका (). तारकेची ही निवड आजही बहुतेक सर्व भाषांत टिकून आहे. छिद्रणयंत्राचे व्यापारी व शास्त्रीय असे दोन प्रकार होते. पत्त्यावर एकाच जागी पाडलेले छिद्र व्यापारी यंत्र ‘आणि’ या अर्थाचे & चिन्ह म्हणून छापी, तर शास्त्रीय यंत्र + म्हणून. चिन्हाचा अर्थ त्याच्या आकृतीत नसून करारात असतो, याचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण.

अग्रक्रमाचा प्रश्न : मराठी शाळांतून ‘कंचेभागुबेव’ हे सूत्र पाठ करून घेतले जाते : कंस, ‘चे’, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. माणूस संपूर्ण ओळ एका नजरेत पाहून हा क्रम लावतो. यंत्रापुढे मात्र एका वेळी एकच वर्ण येतो. अ + ब * क यातील अधिक चिन्ह दिसताच बेरीज करून टाकली तर उत्तर चुकते, आणि थांबावयाचे तर कोठवर, हे कळत नाही. झुरिक येथील हाइन्ट्स रूटिशाउझर यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत सूत्र पूर्णपणे कंसबद्ध असावे लागे. यंत्र सर्वांत आतला कंस शोधून तो सोडवी व पुन्हा आरंभापासून वाचू लागे.

फोर्ट्रानच्या कंपायलरने यावर वरकरणी गमतीदार वाटणारी तोड काढली. केवळ बेरीज-वजाबाकी व गुणाकार-भागाकार या दोन पायऱ्या विचारात घेतल्या, तर तिचा नियम असा : प्रत्येक + च्या जागी ))+(( लिहावे, प्रत्येक * च्या जागी )*( लिहावे, वजाबाकी व भागाकार यांबाबतही तसेच करावे, आणि पदावलीच्या आरंभी (( व शेवटी )) जोडावे, मूळच्या कंसांच्या आतही असेच करावे. या नियमाने अ*ब+क*ड या पदावलीचे रूपांतर ((अ)*(ब))+((क)*(ड)) असे होते. सूत्राचा अर्थ न समजता केवळ वर्णांच्या अदलाबदलीने सर्व कंस अचूक जागी पडतात. घाताची तिसरी पायरी धरली की कंसांची संख्या तेवढी वाढते.

अधिक मूलगामी उपाय यूरोपात निघाला. म्यूनिक येथील फ्रीड्रिख बाउअर व क्लाउस झामेलझोन यांनी १९५७ मध्ये ज्या कल्पनेचे एकस्व मागितले ती चळतीची होती. ताटांच्या चळतीत शेवटी ठेवलेले ताट प्रथम उचलावे लागते. त्याचप्रमाणे अजून करावयाच्या क्रिया एकावर एक रचून ठेवाव्यात व पुढचे चिन्ह कमी अग्रक्रमाचे आले की वरच्या क्रिया उरकून घ्याव्यात. नेदर्लंड्सचे एट्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६० मध्ये अल्गोल ६० चा कंपायलर सिद्ध करताना हीच कल्पना रेल्वेच्या शंटिंग यार्डाच्या रूपकाने मांडली. राशींचे डबे सरळ रुळावरून पुढे जातात, क्रियाचिन्हे बाजूच्या रुळावर थांबतात आणि आपली पाळी येताच राशींच्या मागे जोडली जातात. गाडी पलीकडे निघते तेव्हा तीत कंस उरलेले नसतात : अ + ब * क याचे ‘अ ब क * +’ असे रूप झालेले असते. कंसरहित लेखनाची मूळ कल्पना पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वूकासिएविच यांनी १९२० च्या दशकात मांडली होती. त्यांनी चिन्ह राशींच्या आधी लिहिले होते. जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प भाषेत ते आधीच येते, तर ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या १९७२ मधील खिशात मावणाऱ्या गणकयंत्रात क्रियेची कळ राशींनंतर दाबावी लागे.

अग्रक्रम हवाच कशाला, असाही प्रश्न विचारला गेला. केनेथ आयव्हर्सन यांच्या १९६२ मधील ग्रंथातून निघालेल्या एपीएल भाषेत क्रियाचिन्हे इतकी अधिक आहेत की त्यांची उतरंड लक्षात ठेवणे अशक्य झाले असते. म्हणून तीत सर्व चिन्हांना समान दर्जा देऊन पदावली उजवीकडून सोडविली जाते. परिणामी ३ × ४ + ५ याचे उत्तर १७ नसून २७ येते. हा नियम तर्कदृष्ट्या निर्दोष असला तरी शाळेत मुरलेली सवय त्याच्या आड येते, आणि ही भाषा मोजक्या जाणकारांपुरती राहण्याचे ते एक कारण असावे.

उलट, बहुसंख्य भाषांनी गुणाकार व भागाकार यांना समान अग्रक्रम देऊन त्या क्रिया डावीकडून करण्याचे ठरविले. ‘कंचेभागुबेव’ शब्दशः लावणाऱ्याची येथे फसगत होते. पूर्णांकांच्या गणितात ३ * ५ / २ ही पदावली डावीकडून सोडविली तर १५ भागिले २ म्हणजे ७ येतात. भागाकार आधी केला तर ५ भागिले २ म्हणजे २ व त्याची तिप्पट ६. घाताच्या बाबतीत तर भाषांमध्येच एकवाक्यता नाही. २ चा ३ रा घात व त्याचा पुन्हा २ रा घात असे कंसांवाचून लिहिले असता अल्गोल ६० मध्ये उत्तर ६४ येते, फोर्ट्रान ७७ मध्ये ५१२. फोर्ट्रानच्या पहिल्या आवृत्तीने अशा लेखनास मनाईच केली होती, आणि ते अधिक शहाणपणाचे होते असे म्हणावे लागते. एक्सेल या कोष्टक-आज्ञावलीत −२ चा वर्ग कंसांवाचून लिहिला तर ४ येतो, पायथन भाषेत −४.

बरोबरी व इतर चिन्हे : फोर्ट्रानने = हे चिन्ह ‘उजवीकडची किंमत काढून डावीकडच्या स्मृतिस्थानात ठेवा’ या अर्थाने घेतले. त्यामुळे ‘न = न + १’ हे बीजगणितात असत्य असणारे विधान आज्ञावलीत नित्याचे ठरले. यूरोप व अमेरिकेतील तज्ञांच्या समितीने रचलेल्या अल्गोल भाषेने हा विसंवाद टाळण्यासाठी := हे जोडचिन्ह योजिले. अल्गोल ६० च्या अहवालात भाषेची संदर्भासाठी, छपाईसाठी व यंत्रासाठी अशी तीन रूपे मानली होती. म्हणून तीत ×, ÷ आणि घातासाठी ↑ ही चिन्हे निःसंकोचपणे वापरता आली. १९६३ च्या अमेरिकन वर्णसंकेतात ↑ चा समावेश होता, परंतु १९६७ च्या आवृत्तीत त्या जागी ^ आले, आणि बेसिकसारख्या भाषांत तेच घातचिन्ह झाले. सी भाषेत मात्र ^ हे द्विमान अंकांवरील एका तार्किक क्रियेचे चिन्ह असल्याने तेथे २^३ चे उत्तर ८ ऐवजी १ मिळते.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास सिद्ध केलेल्या सी भाषेने ++ व −− ही एकाने वाढविणारी व घटविणारी चिन्हे रूढ केली. ती केन टॉमसन यांनी आधीच्या बी भाषेत प्रथम आणली होती. पीडीपी-११ या यंत्रातील एका सोयीवरून ती सुचली असे वारंवार लिहिले जाते. पण बी भाषा घडली त्या वेळी ते यंत्र अस्तित्वातच नव्हते, असा खुलासा रिची यांनी स्वतः केला आहे. चलात दहा मिळविण्यासाठी प्रारंभी =+ असे लिहीत. ‘न =−१०’ याचा अर्थ न मधून दहा वजा करा की न ची किंमत उणे दहा ठेवा, हा संभ्रम उत्पन्न झाल्यावर १९७६ मध्ये वर्णांचा क्रम उलटवून += व −= अशी रूपे करण्यात आली.

व्यापारी हिशेबांसाठी १९५९-६० मध्ये निघालेल्या कोबॉल भाषेने आरंभी चिन्हांपेक्षा शब्दांवर भर दिला. मिळवा, वजा करा, गुणा, भागा या अर्थांची इंग्रजी क्रियापदे तीत असून सूत्र लिहावयाचे तर त्यासाठी वेगळे क्रियापद आहे.

भागाकार व बाकी : सर्वाधिक मतभेद भागाकाराविषयी आढळतात. फोर्ट्रानमध्ये दोन्ही राशी पूर्णांक असल्यास भागाकारही पूर्णांकच येतो व अपूर्णांकाचा भाग गळतो. स्मृतिस्थानांच्या गणनेसाठी हे सोयीचे होते. सी भाषेने हाच नियम उचलला. फॅरनहाइट तापमानाचे सेल्सियसमध्ये रूपांतर करण्यासाठी सीमध्ये ५ / ९ * (फ − ३२) असे लिहिणाऱ्यास कोणत्याही तापमानाला शून्य हेच उत्तर मिळते, कारण ५ भागिले ९ चा पूर्णांक भाग शून्य असतो. यंत्र चुकीची सूचना देत नाही. उत्तर निमूटपणे छापले जाते. अल्गोल ६० ने तिरक्या रेघेला नेहमी अपूर्णांकी भागाकार मानून पूर्णांकी भागाकारास ÷ हे वेगळे चिन्ह दिले होते. निक्लाउस व्हिर्ट यांनी १९७० मध्ये पास्कल भाषेत त्यासाठी स्वतंत्र शब्द घेतला. पायथन भाषा प्रारंभी सीच्या वाटेने गेली. २००१ मध्ये तीत पूर्णांकी भागाकारासाठी // हे दुहेरी चिन्ह आले आणि २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीत एकेरी रेघेचा अर्थच बदलण्यात आला. लिहून ठेवलेल्या असंख्य आज्ञावल्यांतील एका चिन्हाचा अर्थ बदलणे किती जड जाते, ते दुसरी आवृत्ती अधिकृतपणे निवृत्त होण्यास २०२० साल उजाडले यावरून दिसते.

ऋण राशी आल्या की प्रश्न आणखी बिकट होतो. −७ भागिले २ याचे खरे उत्तर −३·५. ते शून्याच्या दिशेने तोडले तर −३ व बाकी −१. खालच्या पूर्णांकाकडे नेले तर −४ व बाकी १. दोन्ही रीतींत भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी म्हणजे भाज्य हा नियम पाळला जातो. यंत्रायंत्रांतील भागाकाराच्या आज्ञा भिन्न असल्याने सीच्या १९८९ च्या मानकाने ही निवड कंपायलरवर सोपविली होती. १९९९ च्या मानकाने पहिली रीत सक्तीची केली. पायथनने दुसरी स्वीकारली, तर अडा भाषेने बाकीसाठी दोन वेगळे शब्दच ठेवले. हा भेद केवळ तात्त्विक नाही. अहर्गणाला सातांनी भागून उरलेल्या बाकीवरून वार काढण्याची रीत भारतीय ज्योतिषात प्राचीन काळापासून आहे. तीच आज्ञावलीत उतरविताना आरंभदिनापूर्वीची तारीख आली की पायथनमध्ये बाकी ० ते ६ मध्येच राहते, परंतु सीमध्ये ती ऋण होते व सात वारांच्या यादीत तिला जागा सापडत नाही.

बेरजेच्या मर्यादा : अधिक चिन्हामागे यंत्रात प्रत्यक्ष काय घडते हेही सर्वत्र सारखे नाही. आयबीएम १६२० या यंत्राच्या पहिल्या प्रतिमानात बेरीज करणारे मंडलच नव्हते. शाळकरी मुलाने पाढे पाठ करावेत त्याप्रमाणे बेरजेचे व गुणाकाराचे तक्ते त्याच्या स्मृतीत भरून ठेवलेले असत व यंत्र त्यांतून उत्तर शोधी. ते तक्ते चुकून पुसले गेले तर पुढील सर्व उत्तरे चुकत. भारतातील अनेक अभियंत्यांची फोर्ट्रानशी ओळख याच मालिकेतील यंत्रावर झाली. ते १९६३ मध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत बसविण्यात आले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येथेच बांधलेला ‘टिफ्रॅक’ संगणक १९६० पासून काम करीत होता व १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले.

यंत्रातील संख्येला ठराविक द्विमान अंकांची जागा असते. सोळा द्विमान अंकांत मावणारी सर्वांत मोठी धन संख्या ३२,७६७; तीत १ मिळविला तर बहुतेक यंत्रांवर −३२,७६८ मिळतात. ४ जून १९९६ रोजी यूरोपीय ‘आरिआन ५’ अग्निबाण उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आतबाहेर नष्ट झाला, त्याचे कारण याच जातीचे होते : आडव्या वेगाशी निगडित अशी एक मोठी राशी सोळा अंकांच्या पूर्णांकात बसविण्याचा प्रयत्न झाला व ती मावली नाही. ही आज्ञावली आधीच्या, कमी वेगाच्या ‘आरिआन ४’ साठी लिहिलेली होती. क्रमवार यादीत शोध घेताना मधली जागा काढण्यासाठी दोन टोकांची बेरीज करून तिला दोनाने भागण्याची रीत तर प्रत्येक पाठ्यपुस्तकात असे. यादी फार मोठी असली तर ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ या बत्तीस अंकी मर्यादेपलीकडे जाऊन ऋण होते, हा दोष जावा भाषेच्या अधिकृत संग्रहात सुमारे नऊ वर्षे राहिला व २००६ मध्ये जॉशुआ ब्लॉक यांनी तो जाहीरपणे मांडला. टोकांतील अंतराचे निम्मे पहिल्या टोकात मिळविले की तो टळतो.

अपूर्णांकांची अडचण निराळी आहे. दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा ०·३३३… असा न संपणारा होतो, तसा द्विमान पद्धतीत एक दशांश न संपणारा होतो व कोठेतरी तोडावा लागतो. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातील धाहरान येथे तैनात असलेल्या पेट्रिअट क्षेपणास्त्र-यंत्रणेचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजी आणि त्या मोजणीला चोवीस अंकांपर्यंत तोडलेल्या एक दशांशाने गुणी. यंत्रणा सलग शंभर तास चालू राहिल्यावर, म्हणजे ३६ लाख दशांशांनंतर, ही नगण्य चूक साचून सुमारे ०·३४ सेकंद झाली. येणारे स्कड क्षेपणास्त्र तेवढ्या अवधीत अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापीत असल्याने यंत्रणेने ते भलत्याच जागी शोधले. २५ फेब्रुवारीच्या या हल्ल्यात अठ्ठावीस अमेरिकन सैनिक मृत्यू पावले.

अशा संख्यांची बेरीज-वजाबाकी प्रत्येक यंत्रनिर्माता आपापल्या रीतीने करीत असे. त्यामुळे एकच आज्ञावली दोन यंत्रांवर दोन उत्तरे देई. विल्यम कॅहन यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या १९८५ च्या आयईईई ७५४ मानकाने संख्यांची रूपे व तोडण्याचे नियम ठरवून दिले आणि बहुसंख्य निर्मात्यांनी ते स्वीकारले. तथापि ०·१ + ०·२ याचे उत्तर या मानकाच्या चौसष्ट अंकी रूपानुसारही ०·३०००००००००००००००४ असे येते. फरक इतकाच की आता ते सर्व यंत्रांवर सारखे येते. पैशांच्या हिशेबांत एवढाही फरक चालत नसल्याने कोबॉलने आरंभापासून दशमान अंकगणिताची सोय ठेवली होती. २००८ मध्ये सुधारलेल्या मानकात दशमान रूपांचाही समावेश करण्यात आला.